वाहत्या कानात तेल घालू नका

पावसाळा लागला की दवाखान्यात कानाचे रुग्ण वाढतात. कुणाचा कान ठणकत असतो, कुणाला खाजेनं झोप नसते, कुणाच्या उशीवर सकाळी पिवळा डाग पडलेला असतो. तक्रारी निरनिराळ्या, पण तपासायला लागलं की पुष्कळांच्या कानात आधी दिसतं ते तेल. खोबरेल, तिळाचं, मोहरीचं, लसणाची पाकळी जाळून कोमट केलेलं. जोडीला झेंडूच्या पानांचा रस, रुईच्या पानाचा रस, कधी गोमूत्र. विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "डॉक्टर, दुखत होतं म्हणून दोनच थेंब घातले."

ज्या कानातून पू, पाणी किंवा रक्त येतंय त्या कानात तेलाचा एक थेंबही घालायचा नाही. कोमट नाही, गार नाही, बाटलीवर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं छापलेलं असलं तरी नाही. आणि कान धडधाकट असेल तर? तेव्हाही त्याची गरज नाही. कानाच्या नळीची त्वचा आतून बाहेर सरकत राहते आणि मळ स्वतःच बाहेर आणून टाकते. तो मळ त्वचेचं ओलाव्यापासून आणि जंतूंपासून रक्षणही करतो.

कान फुटतो म्हणजे काय होतं, ते समजून घ्या. मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. तिच्या टोकाला पडदा, जेमतेम नऊ-दहा मिलिमीटरचा. पडद्यापलीकडे हवेची एक लहान पोकळी आहे, तो मध्यकान. तिथून एक बारीक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड आणि बरीचशी आडवी असते, त्यामुळे सर्दी झाली की ती सहज बंद होते आणि जंतू मध्यकानात पोचतात. तिथे पू साठतो, पडद्यावर दाब येतो. मूल रात्री कळवळून रडतं, ताप येतो, सारखा हात कानाकडे जातो. घरातलं मोठं माणूस उठतं, तेल कोमट करतं आणि कानात सोडतं. पहाटे दाबानं पडदा फाटतो, पू बाहेर येतो, दाब उतरतो आणि मूल गाढ झोपी जातं.

तेलाला श्रेय मिळतं ते इथे. तेलानं काहीच केलेलं नसतं. पडदा फाटल्यानं वेदना थांबलेली असते. पुढे बहुतेक मुलांचा हा फाटलेला पडदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, तेव्हा दुसऱ्यांदा श्रेय मिळतं. शेजारणीला सांगितलं जातं, आमच्या बाळाला तेलानंच गुण आला. आई-आजी यात खोटं बोलत नाहीत. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त पडद्यामागचं दिसलेलं नसतं. म्हणून ही समजूत इतकी चिवट आहे, आणि म्हणून रागावून ती जात नाही. तरी मी रागावतो, कारण ज्या मुलांचा पडदा भरून येत नाही ती मला रोज भेटतात.

काही वर्षांपूर्वी एका आजी नातवाला घेऊन आल्या. दहा-अकरा वर्षांचा मुलगा, दोन-तीन वर्षांचा असल्यापासून एक कान अधूनमधून वाहायचा. "दुखत नाही हो त्याला," आजी म्हणाल्या. "थोडंसंच येतं, वास मारतो तेवढाच. तेल घातलं की थांबतं. वाहतंय तर वाहू द्यावं, आतली घाण निघते. बंद केलं तर डोक्यात जाईल, असं आमच्याकडे म्हणतात." मग आता कशासाठी आलात? तर चार दिवसांपासून पोराला गरगरतंय आणि पाणी पिताना तोंडाच्या एका कोपऱ्यातून ओघळतंय. त्याला हसायला सांगितलं, तर चेहऱ्याची ती बाजू हलत नव्हती.

त्याच्या मध्यकानात कोलेस्टिॲटोमा होता. पडद्याची त्वचा आत ओढली जाते, तिची पिशवी तयार होते, मेलेल्या पेशी त्या पिशवीत साचत जातात आणि ती वाढता वाढता आजूबाजूचं हाड खाते. ऐकू येण्याची नाजूक हाडं, तोल सांभाळणारा भाग, चेहऱ्याची नस आणि मेंदू हे सगळे हाडाच्या पातळ भिंतीपलीकडचे शेजारी. या आजारात स्राव थोडा असतो, घाण वास असतो, कधी रक्ताचा अंश असतो, आणि दुखणं बहुतेकदा नसतंच. म्हणून लोक फसतात. 'दुखत नाही' ही दिलाशाची गोष्ट धरू नका. आजींच्या समजुतीत धोका बरोबर ओळखलेला होता, पण उलट्या बाजूनं. कान कोरडा केल्यानं पू डोक्यात जात नाही, वर्षानुवर्षं वाहू दिल्यानं जातो. मुलाची कानामागच्या हाडाची शस्त्रक्रिया करावी लागली. चेहरा हळूहळू पूर्ववत झाला. त्या कानाचं ऐकणं मात्र कमीच राहिलं.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. कान फुटलेल्या बहुतेकांना कोलेस्टिॲटोमा नसतो. पडद्याला मधोमध भोक असतं, सर्दी झाली किंवा कानात पाणी गेलं की कान वाहतो, बिनवासाचा, चिकट, भरपूर स्राव येतो. हा प्रकार बराचसा आटोक्यात राहतो आणि नीट उपचार केले तर बराही होतो. पण तुमचा कान कुठल्या प्रकारचा, हे घरी कळत नाही. ते आत पाहूनच कळतं. कान दोन आठवड्यांच्या वर वाहत राहिला तर तो जुनाट आजार समजायचा आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवायचं.

आता तेलाचं दुसरं नुकसान. पावसाळ्यातल्या दमट हवेत तेलकट, ओला कान ही बुरशीला हवी तशी जागा. रुग्ण सांगतो, 'इतकं खाजतं की काडी घालावीशी वाटते.' आणि तो घालतोच. किल्ली, हेअरपिन, आगपेटीची काडी, कापूस लावलेली काडी. आत पाहावं तर भिजलेल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी पांढरी-काळी बुरशी बसलेली असते. यावर दुकानातून आणलेले प्रतिजैविक आणि स्टिरॉइड असलेले थेंब घातले की ती आणखी फोफावते. उपाय साधा आहे : कान यंत्रानं पूर्ण स्वच्छ करायचा, मग बुरशीविरोधी थेंब दोन-तीन आठवडे घालायचे. खाज तीन दिवसांत थांबते आणि लोक तिथेच औषध सोडतात. मग पुन्हा येतात.

औषधाच्या दुकानात जाऊन 'कानाचे ड्रॉप द्या' म्हणणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी काही औषधं पडद्याला भोक असताना आतल्या कानात उतरली तर ऐकण्याच्या पेशींना इजा करू शकतात, आणि त्या पेशी पुन्हा येत नाहीत. गेल्या वर्षीची अर्धी बाटली, भावाला लागू पडलेली बाटली, मोबाइलवर कुणी दाखवलेली बाटली, यातली कुठलीच तुमची नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस काढून 'पाहा किती घाण निघाली' म्हणणारे व्हिडिओ तर बंदच करा. कानात पेटती मेणबत्ती लावणारे, कॅमेऱ्याची काडी घेऊन स्वतःचा कान कोरणारे, रेल्वे स्टेशनाबाहेर बसून मळाचे खडे काढून दाखवणारे, यांनी फाडलेले पडदे आम्हाला शिवावे लागतात.

खरा उपचार काय? आधी स्वच्छता. पुवानं भरलेल्या कानात महागडं औषध घातलं तरी ते पुवावरच तरंगतं. दवाखान्यात आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पू ओढून घेतो. घरी स्वच्छ कापसाची सैल सुरळी कानाच्या तोंडाशी धरायची, ओली झाली की बदलायची, कोरडी निघेपर्यंत. खोल खुपसायची नाही. मग डॉक्टरांनी दिलेले थेंब, बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिनचे. बाटली आधी मुठीत धरून कोमट करा, गार थेंबांनी चक्कर येते. वाहणारा कान वर करून झोपा, थेंब घाला, कानाच्या तोंडाशी असलेली कुर्चेची पाळी चार-सहा वेळा दाबा, पाच मिनिटं तसंच पडून राहा. अंघोळीला कापसाच्या बोळ्यावर व्हॅसलीन चोपडून तो कानाच्या तोंडावर लावा. विहिरीत, नदीत, तलावात पोहणं बंद. लहान मुलाच्या ताज्या दुखण्यात डॉक्टर तोंडावाटे औषध देतील किंवा दोन-तीन दिवस फक्त वेदनाशामक देऊन वाट पाहतील. दोन्ही योग्य असू शकतं. प्रतिजैविक दिलं असेल तर ठरलेले दिवस पूर्ण करा.

भोक बुजत नसेल तर शस्त्रक्रिया आहे. कानाच्या वरच्या बाजूच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन त्याचा नवा पडदा बसवतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही नेहमीची शस्त्रक्रिया आहे, तिला घाबरू नका. कोलेस्टिॲटोमा असेल तर मात्र तो काढण्यावाचून इलाज नाही.

बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईंना हे तुम्हीच सांगायचं आहे : टाळूवर तेल घाला, अंगाला चोळा, कानात आणि नाकात नको. बाळाला आडवं निजवून बाटलीनं दूध देऊ नका. चुलीच्या आणि विडी-सिगारेटच्या धुरापासून त्याला दूर ठेवा. न्यूमोकोकल लस 2021 पासून देशभर सरकारी लसीकरणात मोफत मिळते. मध्यकानात पू करणाऱ्या एका प्रमुख जंतूविरुद्धच ती आहे, चुकवू नका.

तेलाला एक अपवाद आहे, तोही सांगतो. कानात जिवंत किडा गेला, तो आत फडफडतोय, आणि कान पूर्वी कधी फुटलेला नाही, तर दोन-चार थेंब तेलानं किडा मरतो. मग तो काढायला दवाखान्यात या. मुलानं कानात वाटाणा किंवा हरभरा घातला असेल तर पाणीसुद्धा घालू नका, दाणा फुगतो. घड्याळातली किंवा खेळण्यातली चपटी बटण-बॅटरी घातली असेल तर तासाचाही उशीर नको, ती आतली त्वचा जाळते.

आणि काही लक्षणांत रात्र उजाडायची वाट पाहू नका. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसणं. चेहरा एका बाजूला ओढला जाणं. वाहता कान असताना गरगरणं, तीव्र डोकेदुखी, उलट्या, मान आखडणं, ग्लानी. अचानक ऐकू येईनासं होणं. डोक्याला मार लागल्यावर कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणं, अशा वेळी कानात कापूस कोंबू नका, फक्त वरून स्वच्छ कापड ठेवा. आणि मधुमेह असलेल्या वयस्क माणसाचा कान रात्री झोप उडवण्याइतका ठणकत असेल, तर ते साधं कानदुखणं समजू नका. अशा रुग्णांत कानाचा संसर्ग नळीतून कवटीच्या हाडात शिरू शकतो आणि आठवडेच्या आठवडे उपचार लागतात.

घरात कुणाचा कान वाहत असेल, मग तो कितीही जुना असो आणि अजिबात दुखत नसो, या आठवड्यात त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे घेऊन जा. जाण्यापूर्वी कानात काहीही घालू नका.