चटईवरचा डाव : लहानग्यांशी पत्ते आणि सापशिडी खेळताना काय करावे, काय टाळावे

नशिराबादला मे महिन्यात दुपारी बारानंतर अंगणात फक्त कुरडया राहतात. पारा ४५ च्या आसपास असतो, शाळेला सुट्टी असते आणि पोरं घरात कोंडलेली असतात. अशा वेळी त्यांच्या हातात मोबाइल द्यायचा की चटई अंथरायची, हे घरातल्या मोठ्यांनी ठरवायचं असतं. चटई अंथरणार असाल, तर एक गोष्ट पक्की धरा. चार ते सात वर्षांच्या मुलासाठी खेळ हवा तेवढा सोपा करा, पण तो सुरू व्हायच्या आधी. एकदा डाव लागला की नियम आजोबांना आणि नातवाला सारखाच.

काय करावे

• पहिला खेळ नशिबाचा निवडा. चार वर्षांच्या मुलासाठी भिकार-सावकारसारखा खेळ नाही. पत्ते सारखे वाटायचे, उपडे धरायचे, एकेक टाकत जायचं आणि आधीच्या पत्त्याशी आकडा जुळला की सगळा ढीग उचलायचा. आजोबांचा चाळीस वर्षांचा अनुभव इथे काही कामाचा नाही, त्यामुळे पोर जिंकतं ते खरंखुरं जिंकतं. पाचव्या वर्षानंतर गुलामचोर घ्या आणि आकड्यांचा क्रम बसला की बदाम सात. पाच-तीन-दोन आणि मेंढीकोटमध्ये हुकूम लक्षात ठेवावा लागतो, कोणता पत्ता कधी राखायचा तेही कळावं लागतं. त्यांना आठव्या-नवव्या वर्षापर्यंत थांबू द्या.

• कॅट हलका करा. बदाम सात चौघांत खेळलं तर प्रत्येकाला १३ पत्ते येतात आणि ते सहा वर्षांच्या मुठीत मावत नाहीत. चौकीपासून दश्शीपर्यंतचेच पत्ते ठेवा. चार रंगांचे मिळून २८ होतात, चौघांना बरोबर सात-सात येतात आणि सत्ती नेमकी मधोमध राहते. गुलाम, राणी, राजा यांचा क्रम पाठ नसलेलं मूलही मग खेळू शकतं. तरीही पत्ते हातातून सांडत असतील, तर केसांचा ब्रश उताणा ठेवून त्याच्या दातांत पत्ते उभे करून द्या.

• कूलरच्या झोतापासून लांब बसा. पत्ते उडाले की सगळ्यांची पानं सगळ्यांना दिसतात आणि भांडण ठरलेलं.

• ल्युडोत प्रत्येकाची एक सोंगटी सुरुवातीलाच बाहेर काढून ठेवा. सहा पडल्याशिवाय घर सुटत नाही, हा नियम मोठ्यांना गमतीचा वाटतो. पण हिशोब करून बघा. दहा वेळा फासा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची वेळ साधारण सहांतल्या एका मुलावर येते. चौघांच्या खेळात या दहा फेऱ्यांत ते दुसऱ्यांचे तीस फासे बघत बसतं. असं मूल उठून गेलं तर त्याला चंचल म्हणू नका.

• सापशिडीत घराचा आकडा मोठ्याने म्हणायला लावा. सगळ्या यादीत मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. सोंगटी ३४ वर आहे आणि तीन पडले, तर मूल सहसा ‘एक, दोन, तीन’ म्हणत पुढे जातं. त्याऐवजी ‘पस्तीस, छत्तीस, सदतीस’ म्हणत न्यायला शिकवा. अमेरिकेत गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गरीब घरांतल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना १ ते १० आकड्यांचा सरळ रांगेचा पट असाच आकडे म्हणत खेळायला दिला होता. दोन आठवड्यांत चार बैठका झाल्या, प्रत्येक बैठक पंधरा-वीस मिनिटांची. एवढ्यावर त्यांची आकड्यांची समज, नुसत्या रंगांच्या पटावर खेळलेल्या मुलांपेक्षा पुढे गेली. आपल्याकडे तर मराठी आकड्यांचं अवघडपण आहेच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ आलं आणि राज्यभर वाद झाला. वादात कोण बरोबर होतं ते सोडा. एकोणतीस आणि एकोणचाळीसला अडखळणारं मूल सापशिडीच्या शंभर घरांतून रोज चाललं, तर ते आकडे त्याच्या जिभेवर बसतात.

• ओळ कुठे वळते तिथे पेन्सिलने बाण काढा. पटावरची एक ओळ उजवीकडे जाते, वरची डावीकडे. दहा, वीस, तीसच्या घरांशी मुलं हमखास चुकतात आणि मोठे त्यांना लबाड म्हणतात.

• ताकद कमी-जास्त असेल तर सवलत उघड द्या. ‘ताई दहावीत आहे, ती दोन पत्ते जास्त घेईल’ असं पत्ते वाटण्याआधी सगळ्यांसमोर सांगा. धाकट्याला त्यात कमीपणा वाटत नाही, ताईलाही जोर लावून खेळता येतं.

• पत्ते पिसायचं आणि वाटायचं काम मुलाला द्या. वेळ लागतो, पत्ते उलटे पडतात. लागू द्या, पडू द्या.

• मुलींना चटईवर जागा द्या. आपल्याकडे पोरींनी झोक्यावर जायचं आणि पोरांनी पत्त्यांजवळ बसायचं, अशी वाटणी नकळत होते. ती मोडायला हवी.

काय टाळावे

• मुद्दाम हरणं. सुरुवातीला मूल खूश होतं. थोडं मोठं झालं की त्याला कळतं, आणि मग खऱ्या विजयावरचाही त्याचा विश्वास जातो. जिंकवायचंच असेल तर वर सांगितलेला नशिबाचा खेळ काढा किंवा सवलत द्या.

• रडू आलं म्हणून डाव फिरवणं. ९८ वरच्या सापाने गिळलं की पाच वर्षांचं पोर रडणारच. ‘बरं, हा साप धरू नको’ म्हणालात, तर पुढच्या प्रत्येक सापाला रडणं हा उपाय ठरतो. ‘एवढ्यावरून काय रडतो’ हेही नको. जवळ घ्या, पाणी द्या, सोंगटी खालीच राहू द्या. खेळायचं नसेल तर उठायची मुभा द्या. परत येईल तेव्हा त्याची सोंगटी जिथे होती तिथेच असावी.

• नाव चिकटवणं. गुलामचोरमध्ये कुणीतरी चोर ठरतं, गाढव झब्बूत कुणीतरी गाढव. डाव संपला की ते नावही संपलं पाहिजे. संध्याकाळी मामा-मावशीसमोर ‘आज हा चोर झाला’ म्हणून हसू नका.

• मोबाइलवरचा ल्युडो. तिथे फासा यंत्र टाकतं, घरंही तेच मोजतं. मुलाच्या वाट्याला मोजणी उरत नाही, बोट टेकवणं तेवढं उरतं.

• रांगत्या भावंडाच्या हाताशी फासे, चिंचोके, कवड्या. तीन वर्षांखालचं मूल ते तोंडात घालतं, चिंचोका नाकातही घालतं. अडकलाच तर पिनेने किंवा चिमट्याने काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. थेट डॉक्टरकडे न्या. खेळ सुरू करताना चिंचोके मोजून द्या आणि आवरताना मोजून घ्या.

• पैसे. एक रुपयाही नको. अक्षय्य तृतीया म्हणजे आमची आखाजी. घागर भरायची, पितरांना नैवेद्य दाखवायचा, खापरावरचे मांडे आणि आमरस करायचा. लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात. आणि याच सणाला गावोगाव पुरुषांचे पत्त्यांचे डाव बसतात, पुष्कळ ठिकाणी पैसे लावून. सणाचं म्हणून त्याला कुणी नावं ठेवत नाही. पण १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे आणि तो सण बघत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सहा वर्षांचं पोर काकाच्या मांडीशी बसून सगळं पाहत असतं. नोटा कुणी ओढल्या, कुणाचा चेहरा पडला, कुणी रागाने पत्ते फेकले, हे त्याला हुकमाच्या आधी समजतं. घरी त्याला हरायला कितीही शिकवा, ओट्यावरचे मोठे कसे हरतात तेच ते उचलतं. बाजी लावायचीच असेल तर चिंचोक्यांची लावा. आणि पैशांच्या डावाजवळ मुलाला ‘पाणी आण, सुपारी आण’ म्हणून उभं करू नका.

आखाजीला माहेरवाशिणींच्या मुलांनी घर भरलेलं असतं. तेव्हा पत्त्यांचा एक कॅट खास पोरांसाठी आणा, आणि काका-मामांनो, दुपारचा निदान एक डाव त्यांच्या चटईवर बसून, त्यांच्या नियमाने, बिनपैशाने खेळा.