सकाळचा उजेड व मनाची उभारी

मन खिन्न झाले म्हणजे आपण त्यास आळस म्हणून दोष देतो. परंतु देहातही एक घड्याळ असते. त्याची रचना उलगडल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांस सन २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे घड्याळ मुख्यत्वे सूर्यप्रकाश लावून देतो. ते चुकले म्हणजे झोप मोडते व मनही खचते. यास्तव रोज ठरल्या वेळी उठावे, अंगणात उजेडात यावे, आणि शेताच्या बांधापर्यंत चालून यावे. रात्री वेळीच दिवा मालवावा व मोबाइल दूर ठेवावा. तरीही खिन्नता दोन आठवडे न हटल्यास लाज न धरिता डॉक्टरांकडे जावे. आणि खचलेल्या शेजाऱ्यास बोल न लाविता सकाळी आपल्याबरोबर चालावयास न्यावे.