गाडी चोराची, हप्ता आपला

आमच्या घरातल्या दोन गाड्या चोरीला गेल्या. माझी कार नगरच्या सावेडीतल्या घरासमोरून गेली ती गेलीच. मेव्हण्याचा दुधाचा पिकअप संगमनेर तालुक्यातून गेला आणि पुढे सापडला. नातेवाईक त्याला नशीबवान म्हणतात. आमच्या दोघांच्या फायली शेजारी ठेवल्या तर नशीबवान कोण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ज्यांना उद्या ठाण्याची पायरी चढावी लागेल त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

१. आधी दोन फोन करा. गाडी जागेवर नाही म्हणजे चोरीच झाली असं नाही. फायनान्सवाल्यांची वसुलीची माणसं रात्रीत गाडी ओढून नेतात. कधी वाहतूक शाखा उचलते, कधी घरातलाच पुतण्या चावी घेऊन पसार असतो. ठाणे अंमलदाराचा पहिला प्रश्न "हप्ते थकलेत का?" हाच असतो. आधीच डोकं फिरलेलं, त्यात हा प्रश्न, राग येतोच. पण प्रश्न बरोबर आहे. बँकेला विचारून झालं की लगेच ११२.

२. फिर्यादीत रंगरूप सांगण्यात वेळ घालवू नका. लोक तेच सांगतात: पांढरी गाडी, मागच्या काचेवर खंडोबा, डाव्या दारावर ओरखडा. चोर पहिल्या दिवशी स्टिकर खरवडतो आणि नंबरप्लेट फेकतो. टिकतात ते दोन नंबर, इंजिनचा आणि चेसीचा. चेसी नंबर सतरा अक्षरांचा असतो आणि सकाळपासून लिहून लिहून हात दुखलेला हवालदार तो उतरवून घेत असतो. इंग्रजी बीचा आठ आणि एसचा पाच व्हायला वेळ लागत नाही. सही करण्याआधी आरसी समोर धरून एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. ते वैतागतील, वैतागू द्या.

याचं कारण नंतर कळतं. चोरीची गाडी माग काढत काढत सापडली असं क्वचितच घडतं. बहुतेक वेळा टोळी दुसऱ्याच गुन्ह्यात हाती लागते. स्थानिक गुन्हे शाखा एखाद्याला उचलते आणि तो खाक्या दिसला की एकेक गाडी 'दाखवू' लागतो. मग जुन्या फिर्यादी काढून चेसी नंबर ताडून पाहतात. तुमच्या फिर्यादीत एक अक्षर चुकलं असेल, तर तुमची गाडी कुठल्या तरी ठाण्याच्या आवारात बेवारस म्हणून उभी राहते आणि तुम्ही इकडे हप्ते भरत बसता.

३. अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. "दोन दिवस शोधा, तोवर अर्ज देऊन ठेवा," असं सांगणारे भेटतात. अर्जावर गोल शिक्का मिळतो, मनाला बरं वाटतं, पण विमा कंपनी त्या शिक्क्याला विचारत नाही. तिला गुन्हा दाखल झाल्याची तारीख हवी असते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगून टाकलं आहे. गाडी चोरी दखलपात्रच. पूर्वी भादंवि ३७९ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३०३(२). हद्दीचा वाद घातला तर 'झिरो'ने, म्हणजे हद्द न पाहता, नोंदवा म्हणायचं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आता ते स्पष्ट लिहिलं आहे. तरीही नाही घेतली तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नसतात.

४. पंचनाम्याला चहा-पाण्याची नाही, पंचांची सोय करा. पंच मिळत नाहीत म्हणून पंचनामा रखडतो. आमच्याकडे शेजारचे काका आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला उभे राहिले. जिथे काहीच नाही अशा जागेचा पंचनामा ही बघण्यासारखी गोष्ट असते. रात्री पाऊस भुरभुरला होता, त्यामुळे गाडी उभी होती तेवढी जमीन कोरडी, मधोमध ऑइलचा एक डाग. हवालदारांनी टेपने अंतर मोजलं आणि लिहिलं: पूर्वेस सार्वजनिक रस्ता, पश्चिमेस फिर्यादीचे राहते घर, उत्तरेस मोकळा प्लॉट. काका हळूच म्हणाले, "शेतीची मोजणी चाललीय की काय?" हसू नका. गाडीच्या काचेचे तुकडे पडले होते की नव्हते, हेही त्यातच येतं, आणि पुढे विमा कंपनीचा माणूस नेमकं तेच वाचतो.

५. सीसीटीव्हीची वाट पाहू नका. दुकानांच्या डीव्हीआरमध्ये जुनं पुसलं जाऊन वर नवं चढतं. कुणाकडे आठवडाभर राहतं, कुणाकडे जेमतेम महिना. पेनड्राइव्ह घेऊन त्याच दिवशी स्वतः फिरा. दुकानदार पोलिसांपेक्षा शेजाऱ्याला लवकर दाखवतो. आणि एक करा: प्रत्येक ठिकाणी स्क्रीनवरचं घड्याळ आणि आपल्या मोबाइलचं घड्याळ यांचा एकत्र फोटो काढा. डीव्हीआरची घड्याळं सर्रास पुढंमागं असतात. हे केलं नाही तर गाडी एका चौकात दिसते दोन वाजता आणि त्याच्या पुढच्या चौकात पावणेदोनला.

फास्टॅग घाईने बंद करू नका. टोल कापल्याचा मेसेज आला तर नाक्याचं नाव आणि वेळ आयती मिळते. मला आला नाही. नगरहून पुणे, मनमाड, सोलापूर, संभाजीनगर, बीड, कल्याण असे सगळीकडे रस्ते फुटतात, जिल्ह्याला सात जिल्ह्यांच्या सीमा लागतात, आणि नाका टाळणाऱ्या आडवाटांना तर तोटाच नाही.

६. हवालदारावर डोकं तापवून उपयोग नाही. जिल्हा महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा, चौदा तालुक्यांचा. तुमच्या गुन्ह्याचा तपास ज्याच्याकडे, तोच मोहरमच्या सवाऱ्यांना, त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या निवृत्तिनाथांच्या पालखीला आणि शिर्डीला कुणी व्हीआयपी आला तर त्या बंदोबस्तालाही असतो. गाडी चोरी त्याच्या यादीत तळाला असते आणि मला विचाराल तर ते समजण्यासारखं आहे. गाडीला जीव नसतो. समजण्यासारखं नाही ते गप्प बसणं. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असं नव्या संहितेच्या कलम १९३ मध्ये आहे. मी ते तोंडी कधी सुनावलं नाही. लेखी अर्जात लिहिलं, आणि अर्जाला उत्तर आलं.

७. 'अ समरी' हे दोन शब्द पाठ करा. गुन्हा खरा, पण आरोपी मिळत नाही, असा अहवाल पोलीस न्यायालयात पाठवतात, त्याला अ समरी म्हणतात. ('ब' म्हणजे फिर्यादच खोटी. ते अक्षर आपल्या वाट्याला येऊ नये.) मग कोर्टाची नोटीस येते, आपण हरकत नाही म्हणून लिहून द्यायचं, आणि न्यायाधीशांच्या मंजुरीची सही-शिक्क्याची नक्कल काढायची. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे इथे शब्दशः घ्यावं. ही नक्कल हाती आल्याशिवाय विमा कंपनी बहुधा हलत नाही.

कंपनीचा तपासनीस मात्र आधीच येऊन जातो. माझ्याकडे आलेला गृहस्थ गोड बोलायचा. दोन्ही चाव्या मागून घेतल्या, खिडकीपाशी नेल्या, नखाने खाचा चाचपल्या. एक घासलेली, एक कोरी. त्याचं समाधान झालं. दोन्ही घासलेल्या असत्या, किंवा एक नसतीच, तर चौकशी लांबली असती. दुसरी चावी ड्रायव्हरकडे किंवा गॅरेजवाल्याकडे पडून असेल तर आजच परत आणा. कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळण्याची कंपन्यांची जुनी खोड आहे. गुन्हा तातडीने नोंदवला असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग खटल्यात २०२० मध्ये ठरवलं. तरी त्याच दिवशी ईमेल टाकाच. कोर्टात जिंकण्यापेक्षा कोर्टात न जाणं स्वस्त. नाहीच ऐकलं तर पुण्यात विमा लोकपाल आहे, तिथे फी लागत नाही. आणि नगरला जिल्हा ग्राहक आयोग आहे, तिथे दोन वर्षांच्या आत जायचं.

८. पैशाचा हिशेब आधीच करून ठेवा म्हणजे धक्का बसत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीचा छदामही मिळत नाही. फुल विमा असेल तर पॉलिसीवर लिहिलेली आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा जाता धरलेली किंमत, मिळते, गाडीला मोजलेले पैसे नाहीत. समजा आठ लाखांची पेट्रोल गाडी. तिसऱ्या वर्षी नेहमीच्या तक्त्याप्रमाणे ३० टक्के घसारा, म्हणजे राहिले ५ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशनला ११ टक्क्यांनी भरलेला ८८ हजारांचा रोड टॅक्स त्यात धरत नाहीत, हौसेने बसवलेली सीट कव्हरं तर विसराच. कर्ज असेल तर पहिला हक्क बँकेचा. तिचं उरलेलं फिटून जे राहील ते आपलं. क्लेम मंजूर होईपर्यंत हप्ता थांबत नाही. थांबवलात तर सिबिल जातं, आणि पुढची गाडी कर्जाने घ्यायची तर तेच लागतं. नो क्लेम बोनसही शून्यावर येतो. मेव्हण्याच्या बाबतीत यात रोजच्या भाड्याच्या टेम्पोचे पैसे मिळवा. गाडी गेली म्हणून म्हशी दूध द्यायच्या थांबत नाहीत.

९. गाडी सापडली तरी पेढे वाटू नका. सापडलेली गाडी मुद्देमाल होते. मेव्हण्याचा पिकअप मिळाला तेव्हा बॅटरी, स्टेपनी, ताडपत्री गायब, आणि हौद्यात कुणाच्या तरी कांद्याच्या टरफलांचा थर. तो परत घ्यायचा तर न्यायालयात सुपूर्दनाम्याचा अर्ज, वकिलाची फी, बंधपत्र. अटी अशा: विकायचा नाही, रंग बदलायचा नाही, कोर्ट म्हणेल तेव्हा हजर करायचा. वाहनं ठाण्याच्या आवारात सडवू नका, लवकर मालकाच्या ताब्यात द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावलं. कुठल्याही ठाण्यामागे चक्कर मारा. बॉनेटमधून बाभळ उगवलेल्या गाड्या दिसतील. अर्ज करायला मालकच आला नाही तर निकाल काय करणार? तेव्हा सापडल्याचा फोन आला की त्याच आठवड्यात वकील गाठा. आणि विम्याचे पैसे आधीच घेतले असतील तर सापडलेली गाडी तुमची नाही, कंपनीची.

१०. कुलपाबद्दल आपला जिल्हा जगप्रसिद्ध आहे, उलट कारणाने. शनिशिंगणापूरच्या घरांना दारं नाहीत हे ऐकून लोक बघायला येतात. २०१० मध्ये तिथेच एका भाविकाच्या वाहनातून चोरी झाली आणि २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणं मिळालं. तेव्हा कुलूप हवंच, प्रश्न कुठलं एवढाच. नव्या गाड्यांमध्ये चोर डॅशबोर्डखालच्या पोर्टला यंत्र जोडून काही मिनिटांत नवी चावी बनवतो. त्याच्यापुढे जुन्या पद्धतीचं लोखंडी गिअर लॉकच बरं. ते कापायला आवाज होतो.

११. सेकंडहँड घेताना स्वस्ताईला भुलू नका. अपघातात टोटल लॉस झालेल्या गाडीचे कागद विकत घ्यायचे आणि त्याच मॉडेलच्या चोरीच्या गाडीवर तो चेसी नंबर ठोकायचा, हा जुना धंदा आहे. 'वाहन समन्वय' या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेत गाडी चोरीची आहे का ते पाहता येतं, पण ठोकलेला नंबर तिथे निर्मळच दिसतो. म्हणून मेकॅनिक बरोबर न्या. क्लेमचे पैसे आल्यावर मी एक गाडी बघायला गेलो होतो. मेकॅनिकने बॅटरी मारून नंबरावर अंगठा फिरवला. कंपनीचा ठसा एकसारख्या खोलीचा असतो; इथे शेवटचे अंक किंचित खालीवर, भोवतालचा रंग ताजा. विकणारा म्हणाला, "एवढा संशय घेतलात तर आमचा धंदा कसा व्हायचा, साहेब?" त्याला टोकनचे पैसे दिले नव्हते, ते बरं झालं.