उद्योजकाची चिकाटी : स्वरूप आणि साधना

हिंगोली तालुक्यात कयाधू नदीच्या काठी वसलेले नरसी नामदेव हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने ओळखले जाते. आषाढी वारीनंतरच्या परतवारी एकादशीला येथे भाविकांची मोठी गर्दी लोटते. प्रसाद, फुले, तुळशीमाळा, खेळणी आणि फराळाचे पदार्थ विकणाऱ्यांना त्या दिवशी क्षणाचीही उसंत मिळत नाही. यात्रा पांगली की याच व्यावसायिकांना तुरळक गिऱ्हाइकांवर दिवस काढावे लागतात. गर्दीच्या दिवशी थोडे भांडवल आणि चपळाई पुरते. उरलेल्या वर्षात धंदा टिकवावयाचा तर चिकाटी लागते. भांडवलाअभावी जसे लहान उद्योग बंद पडतात, तसेच मालकाचा धीर सुटल्यामुळेही बंद पडतात. म्हणूनच चिकाटी म्हणजे नेमके काय आणि ती अंगी कशी बाणवावी, याचा विचार प्रत्येक होतकरू उद्योजकाने करणे अगत्याचे आहे.

चिकाटी आणि हट्ट

पुष्कळदा चिकाटी म्हणजे एकच गोष्ट पुनःपुन्हा करीत राहणे, असा समज असतो. तो बरोबर नाही. ध्येय न सोडता मार्ग बदलण्याची तयारी म्हणजे चिकाटी, तर मार्गालाच ध्येय मानून बसणे म्हणजे हट्ट होय. महाराष्ट्राच्या उद्योगक्षेत्रातील दोन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) यांना तरुणपणी चित्रकार व्हावयाचे होते. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्यांनी प्रवेशही घेतला. परंतु रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे तो मार्ग खुंटला. तेव्हा त्यांनी यांत्रिक रेखाटन आत्मसात केले व पुढे त्याच विषयाचे अध्यापन केले. नोकरी सोडल्यानंतर बेळगावात सायकलींचे दुकान चालविले आणि त्यातून शेतीच्या अवजारांकडे त्यांचे लक्ष वळले. त्यांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते अशी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. माल तयार आहे आणि गिऱ्हाईक नाही, या अवस्थेत काढलेला तो काळ म्हणजे त्यांच्या चिकाटीची खरी कसोटी होती.

पुढे बेळगावची जागा सोडणे भाग पडले. औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर माळरान आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. निवडुंग माजलेल्या व सापांचा सुळसुळाट असलेल्या त्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफांचे लोखंड मिळवून कारखाना चालू ठेवण्यात आला. कला विद्यालय, सायकलींचे दुकान, बेळगावची जागा या गोष्टी एकामागून एक सुटत गेल्या. आपल्या हातून उपयुक्त वस्तू घडवावयाची, हे ध्येय मात्र सुटले नाही.

पावसाने शिकविलेला धडा

दुसरे उदाहरण त्याहूनही लहान प्रारंभाचे आहे. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी उसन्या 80 रुपयांवर पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. ‘लिज्जत’ या नावाने देशभर पोहोचलेल्या श्री महिला गृह उद्योगाचा हा आरंभ होय. पहिल्याच वर्षी पावसामुळे पापड वाळेनात आणि चार महिने काम थांबवावे लागले. दुसऱ्या वर्षी या महिलांनी एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरावयाचे आणि खाली शेगडी ठेवावयाची, या साध्या योजनेने पावसाळ्यातही काम चालू राहिले. तोटा झाला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही, हा निर्धार त्यांनी आरंभीच केला होता. सुरुवातीला हलक्या प्रतीचे स्वस्त पापडही काढण्याचा विचार झाला. परंतु दर्जात तडजोड करू नये, हा मार्गदर्शकांचा सल्ला त्यांनी मानला. पहिल्या वर्षाची विक्री 6,196 रुपये होती.

संकटाचे नेमके कारण शोधून त्यावर आवाक्यातील उपाय करणे, हा चिकाटीचा गाभा या उदाहरणातून दिसतो. पाऊस थांबविणे कोणाच्याही हाती नव्हते. शेगडी घेणे हाती होते.

चिकाटीची साधना

चिकाटी हा केवळ जन्मजात गुण नव्हे. तिला व्यवस्थेचा आधार लागतो. पहिला आधार म्हणजे रोजचा हिशेब. घरखर्च आणि धंद्याचा खर्च वेगळा लिहिला नाही, तर धंदा खरोखर तोट्यात आहे की गल्ल्यातील पैसा घरात खर्च होत आहे, हे कळत नाही. दुसरा आधार म्हणजे राखीव रक्कम. समजा, एखाद्या दुकानाचा भाडे, वीज व हप्ता मिळून दरमहा खर्च 6,000 रुपये आहे. यात्रेच्या दिवसांतील नफ्यातून 18,000 रुपये बाजूला ठेवले, तर तीन महिने विक्री न होताही हा खर्च भागतो. धीर धरावा, असे सांगणे सोपे असते. तो धरण्यास या तीन महिन्यांचे बळ लागते.

तिसरा आधार म्हणजे जोडधंद्याची दृष्टी. हिंगोली जिल्हा हळदीसाठी प्रसिद्ध असून ‘वसमत हळद’ या नावाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. बेणे लावण्यापासून काढणी, शिजविणे, वाळविणे आणि पॉलिश करणे असा हळदीचा प्रवास अनेक महिने चालतो. बाजारभाव मात्र आपल्या हाती नसतो. हळदीची पूड करून लहान पाकिटांत विकणाऱ्यास वर्षभर थोडीथोडी विक्री साधता येते. प्रारंभी थोडाच माल काढून गिऱ्हाइकाचे मत घ्यावे, त्यानुसार सुधारणा करावी आणि मगच मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढावे, हे श्रेयस्कर.

चौथा आधार माणसांचा. किर्लोस्करांना कुशल सहकारी लाभले; गिरगावातील महिला एकमेकींच्या आधाराने उभ्या राहिल्या. नव्या उद्योजकाला मार्गदर्शनासाठी जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रशिक्षणासाठी महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र या संस्था उपलब्ध आहेत. अडचण वाढल्यावर धाव घेण्यापेक्षा प्रारंभीच तेथे जाऊन आपला हिशेब तपासून घेणे हिताचे ठरते.

या सर्वांनंतरही एखादा धंदा चालणार नाही, असे हिशेबावरून दिसू शकते. अशा वेळी कर्ज वाढवीत राहण्यापेक्षा तो वेळीच आवरून शिकलेले कसब नव्या कामाला लावणे हीदेखील चिकाटीच होय. शिवणकाम हा नामदेवांच्या घराण्याचा व्यवसाय. शिवताना टाका चुकला तर कारागीर तो उसवतो आणि पुन्हा घालतो. त्यासाठी कापड टाकून देत नाही. उद्योजकानेही आपल्या चुकलेल्या निर्णयांकडे याच दृष्टीने पाहावे.