राखण करणारा गडी

सुगीच्या सुमारास बाजारहत्नूरच्या शिवारातून सायंकाळी फिरावयास निघाले, की उभ्या ज्वारीत एखादा माळा दृष्टीस पडतो. त्यावर कोणीतरी गोफण घेऊन बसलेला असतो. पाखरे उतरली, की तो गोफण फिरवितो. रात्री रानडुकरांचा कळप आला, की डबा बडवून आणि हाकाटी करून त्याला पिटाळतो. पुढे धान्य घरात येते, तेव्हा रास किती झाली ह्याची चौकशी सर्वजण करतात. माळ्यावर जागून काढलेल्या रात्री मात्र कोणी मोजीत नाही. जे नुकसान झालेच नाही, ते दाखवावयाचे तरी कसे?

खेळाच्या मैदानावरही असा एक राखणदार असतो. त्याला बचावाचा गडी म्हणतात. आपल्या शाळेत फुटबॉलसाठी संघ पाडले जातात, त्या वेळी पुढे खेळावयास सर्वच उत्सुक असतात. मागे राहावयास सांगितलेल्या मुलाचा चेहरा मात्र उतरतो. आपण कमी प्रतीचे ठरलो, असे त्याला वाटते. त्या मुलासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत. बचाव करणे हाच ज्यांनी आयुष्याचा व्यवसाय केला, अशा दोन खेळाडूंची हकीकत आम्ही येथे सांगणार आहोत. त्यांतील एक दूरच्या कॅनडा देशातला, तर दुसरा मुंबईचा मराठी खेळाडू आहे.

प्रथम बर्फावरच्या हॉकीकडे वळू. आपल्या देशात हा खेळ मुख्यत्वे लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवर खेळला जातो. कॅनडात तर तो घराघरांत पोहोचलेला आहे. पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून खेळाडू बर्फावरून घसरत धावतात. चेंडूच्या जागी कठीण रबराची चकती असते. तिचा व्यास ३ इंच, जाडी १ इंच आणि वजन सुमारे १७० ग्रॅम. प्रत्येक बाजूचे सहा गडी मैदानात उतरतात : एक गोलरक्षक, दोन बचावाचे आणि तीन आघाडीचे. धावपळ इतकी दमछाक करणारी असते, की पाऊण मिनिटाच्या आसपास खेळून गडी बाहेर येतात व त्यांच्या जागी ताजे गडी जातात. बाणासारखी येणारी ती चकती प्रसंगी स्वतःच्या अंगावर झेलणे, हे बचावाच्या गड्याचे नित्याचे काम आहे.

ह्या खेळात बॉबी ऑर हे नाव अजरामर झाले आहे. त्यांचा जन्म २० मार्च १९४८ रोजी ऑन्टॅरिओ प्रांतातील पॅरी साऊंड येथे झाला. वयाच्या अठराव्या वर्षी, १९६६ मध्ये, ते अमेरिकेतील बॉस्टन शहराच्या संघात दाखल झाले. बचावाच्या गड्याने मागे राहावे आणि चकती दूर फेकून मोकळे व्हावे, अशी तोवरची सर्वसाधारण समजूत होती. ऑर चकती हिसकावून घेत आणि स्वतःच ती घेऊन प्रतिपक्षाच्या गोलापर्यंत मुसंडी मारीत. परंतु डाव उलटताच सर्वांआधी माघारी पोहोचण्याची त्यांची तयारी असे. १९६८ पासून १९७५ पर्यंत ओळीने आठ वर्षे सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान त्यांच्याकडे राहिला. १० मे १९७० रोजी स्टॅन्ले चषकाच्या अंतिम लढतीत जादा वेळ सुरू होऊन अवघे ४० सेकंद झाले असताना त्यांनी विजयी गोल केला आणि २९ वर्षांनंतर तो चषक बॉस्टनला परत आला. गोल होताच प्रतिपक्षाच्या गड्याचा अडथळा लागून ते हवेत आडवे उडाले; त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले.

ह्या यशाची दुसरी बाजूही विद्यार्थ्यांनी जाणून घेतली पाहिजे. ऑर ह्यांच्या डाव्या गुडघ्यावर वारंवार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. १९७८ साली, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांना खेळ सोडणे भाग पडले. आपले आर्थिक व्यवहार त्यांनी ज्या प्रतिनिधीवर डोळे मिटून सोपविले होते, त्याने बॉस्टनचा संघ संघाच्या मालकीत वाटा देऊ करीत होता, ही गोष्टच त्यांच्यापासून दडविली. निवृत्त होताना हा थोर खेळाडू जवळजवळ रिकाम्या हातांनी बाहेर पडला. पुढे तो प्रतिनिधी फसवणुकीच्या आरोपांखाली तुरुंगात गेला. परंतु ती घटना १९९८ सालची. मैदानावर ज्याला कोणी सहसा चकवू शकत नसे, तो कागदावर चकला. लिहिणे, वाचणे आणि हिशेब तपासणे ही विद्या खेळाडूलाही का हवी, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

आता आपल्या माणसाकडे वळू. राहुल भेके ह्यांचा जन्म ६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत झाला. मुंबईत क्रिकेटची बॅट हाती न घेणारा मुलगा विरळाच. त्या शहरातील ह्या मराठी मुलाने फुटबॉल पत्करला, आणि त्यातही बचावाची जागा. व्यावसायिक खेळाडूचे जीवन बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखे असते. कोलकात्याचा ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी असे मुक्काम करीत ते २०१७ मध्ये बंगळूर एफसी ह्या संघात आले. संघाला गरज पडेल त्याप्रमाणे कधी उजव्या कडेला, तर कधी मध्यभागी उभे राहावयाचे, हा त्यांचा परिपाठ.

१७ मार्च २०१८ रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना बंगळूर संघ आपल्याच मैदानावर चेन्नईविरुद्ध ३–२ असा हरला. बरोबर एक वर्षाने, १७ मार्च २०१९ रोजी, तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात उतरला. प्रतिपक्ष गोव्याचा आणि मैदान मुंबईत अंधेरीचे. नव्वद मिनिटे सरली तरी गोल झाला नाही. जादा वेळही संपत आला. ११७ व्या मिनिटास कोपऱ्यावरून आलेल्या चेंडूवर भेके झेपावले आणि डोक्याच्या धक्क्याने त्यांनी तो जाळ्यात घातला. बंगळूरला हे विजेतेपद प्रथमच मिळाले. ते मिळवून देणारा गोल बचावाच्या गड्याने केला, आणि तोही आपल्या जन्मगावी. ऑर ह्यांच्या १९७० मधील गोलाची येथे आठवण व्हावी, हे साहजिकच आहे.

त्याच वर्षी ५ जून रोजी थायलंडमध्ये कुरासाओविरुद्ध ते भारतातर्फे प्रथम खेळले. २०२१ मध्ये ते मुंबई सिटी संघात आले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये ह्या संघाने इराकच्या वायुदल संघावर २–१ अशी मात केली. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिलाच भारतीय संघ. आणि विजयी गोल पुन्हा भेके ह्यांच्या डोक्याने झाला होता. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानचा ३–१ असा पराभव करून मुंबई सिटीने लीगचा चषक जिंकला, तेव्हा कर्णधार तेच होते. पुढे ते बंगळूरला परतले. भारतासाठी पहिला गोल करण्यास त्यांना १९ मार्च २०२५ पर्यंत थांबावे लागले. शिलाँग येथे मालदीवविरुद्ध तो झाला. तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते.

यशाबरोबर अपयशाचीही नोंद करणे न्याय्य होय. २०२४ च्या जानेवारीत कतारमध्ये झालेल्या आशियाई चषकात भेके भारतीय संघात होते. त्या संघाने तिन्ही सामने गमावले. १२ एप्रिल २०२५ रोजी बंगळूर संघ लीगच्या अंतिम सामन्यात मोहन बागानकडून जादा वेळेतच २–१ असा हरला. जादा वेळेने २०१९ मध्ये ज्या संघाला दिले, त्याच्याकडून सहा वर्षांनी काढूनही घेतले.

बचावाच्या गड्यास नेमके काय यावे लागते? पहिली गोष्ट म्हणजे नजर. तिने एकाच वेळी चेंडू आणि प्रतिपक्षाचा माणूस, दोन्ही टिपले पाहिजेत. दुसरी गोष्ट म्हणजे संयम. कबड्डीत कोपऱ्यावरचा गडी चढाई करणाऱ्याचा पाय टप्प्यात येईपर्यंत दम धरतो आणि मगच पकड करतो. उतावीळ झाला, तर बाद होतो. फुटबॉलमध्येही अवेळी घातलेला पाय संघाला महागात पडतो. तिसरी गोष्ट म्हणजे एकोपा. मागचे चारही गडी एका रेषेत पुढे-मागे सरकतात. त्यांतील एक जरी मागे रेंगाळला, तरी ऑफसाइडचा नियम निरुपयोगी ठरतो आणि प्रतिपक्षाला वाट मोकळी होते. म्हणून ह्या गड्यांना सतत एकमेकांशी बोलावे लागते. आपल्या शाळेतील मुलांच्या घरी कोठे मराठी, कोठे तेलुगू, तर कोठे गोंडी बोलली जाते; मैदानावर मात्र ‘मागे बघ’ ही हाक सर्वांना समजली पाहिजे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी फार थोडे खेळाला व्यवसाय करतील. तो मार्ग अवघड असतो, लवकर संपतो आणि एका दुखापतीने बंदही होऊ शकतो. म्हणून पुस्तक मिटून कोणी त्या वाटेस लागू नये. परंतु मागे उभे राहण्याची पाळी प्रत्येकावर केव्हातरी येतेच. घरात थोरल्या बहिणीवर ती येते, रात्रीच्या पाळीतील परिचारिकेवर येते, तलावाचा बांध राखणाऱ्यावर येते. गुणफलकावर ह्यांच्यापैकी कोणाचेच नाव लागत नाही.

पुढच्या खेपेस गुरुजींनी तुम्हांस मागे उभे केले, तर तोंड पाडू नका. आणि तुम्ही पुढे खेळत असाल, तर सामना जिंकून परतताना एकदा मागे वळून त्या गड्याच्या पाठीवर थाप मारावयास विसरू नका. माळ्यावरचा राखणदार सकाळी घरी येतो, तेव्हा त्याला आधी चहा द्यावा, एवढी रीत आपल्याला ठाऊक असली पाहिजे.