काट्याने काटा काढताना

घरात उंदीर झाले की मांजर पाळावे, हा आपल्याकडचा जुना उपाय. पण उंदीर संपले की तेच मांजर दुधाच्या पातेल्याकडे वळते, हेही घरोघरी ठाऊक असते. खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय बाळगणाऱ्यांना नेमका हाच पेच पडतो.

काचेच्या मोठ्या टाकीत समुद्राइतके खारट पाणी, म्हणजे दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार, २५ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान, प्रखर दिवे आणि दगडांवर वाढणारी जिवंत प्रवाळे, असे या प्रवाळ-मत्स्यालयाचे स्वरूप असते. हा छंद मुख्यतः अमेरिका व युरोपमध्ये रुजला आहे. आपल्याकडे खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. आपल्या समुद्रातून ती काढणे व विकणे हा गुन्हा आहे. तथापि या छंदातील एक धडा आपणही शिकण्यासारखा आहे.

टाकीत ठेवलेल्या दगडांबरोबर पुष्कळदा एक न बोलावलेला पाहुणा येतो. त्याचे नाव एपटेशिया. हे तपकिरी रंगाचे, काही सेंटिमीटर उंचीचे समुद्रफूल. नावात फूल असले तरी तो प्राणी आहे. त्याच्या शरीरात राहणारे सूक्ष्म शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते, त्यामुळे बाहेरून खाऊ न घालताही तो तग धरतो. त्याच्या भुजांवरील दंशपेशी शेजारच्या प्रवाळांना इजा करतात. चिमट्याने उपटावे, तर दगडाला चिकटून राहिलेल्या पायाच्या तुकड्यांपासून नवी समुद्रफुले उगवतात. न छेडताही तो असे तुकडे मागे सोडत सरकतो. म्हणून एकाचे दहा व्हायला वेळ लागत नाही. मजानो नावाचे आखूड, फुगीर टोकांच्या भुजांचे दुसरे समुद्रफूलही असेच त्रास देते.

संख्या थोडी असेल तर पिचकारीने चुन्याची दाट पेस्ट त्याच्या तोंडात सोडतात. मात्र एकाच दिवशी फार चुना गेला की पाण्याची अल्कता वाढते व इतर जिवांना धोका होतो. कपारीकपारीत एपटेशिया पसरला की मग खाणाऱ्याचा शोध सुरू होतो.

पहिला उमेदवार कॉपरबँड बटरफ्लाय मासा. पांढऱ्या अंगावर तांबूस-पिवळे पट्टे आणि चोचीसारखे लांब तोंड. कपारीतले भक्ष्य टिपायला ते सोयीचे. पण हा मासा २० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला प्रशस्त टाकी लागते आणि बंदिवासात तो पुष्कळदा अन्नालाच तोंड लावत नाही. शिवाय नळीत राहणारे कृमी व शिंपलेही तो खातो. रॅकून बटरफ्लाय त्याच्याहून खादाड. एपटेशिया खाईल, पण प्रवाळांवरही ताव मारील. तो प्रवाळांच्या टाकीत न घातलेलाच बरा. तिसरा फाइलफिश. आकाराने लहान, रंग बदलून दगडात मिसळून जाणारा. याची पैदास बंदिवासातही होते, म्हणून समुद्रातून पकडण्याची गरज कमी. तरी एखादा फाइलफिश एपटेशियाकडे ढुंकूनही पाहत नाही, तर एखादा मांसल प्रवाळांना कुरतडतो. विदूषक माशासाठी कोणी मुद्दाम मोठे समुद्रफूल पाळले असेल, तर या साऱ्यांपासून त्यालाही धोका संभवतो.

याउलट बर्घिया ही कवच नसलेली सागरी गोगलगाय फक्त एपटेशियाच खाते. प्रवाळांना तिच्यापासून भय नाही. पण एपटेशिया संपला की तिचे अन्नच संपते व ती उपाशी मरते. ती वेळीच दुसऱ्या टाकीत हलवणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी कोणताही व्यवहार पहिल्या नोंदीवर संपला असे मानत नाही. अखेरची शिल्लक पाहतो. येथेही ‘हा मासा काय खातो?’ ही पहिली नोंद झाली. ‘एपटेशिया संपल्यावर तो काय खाईल?’ ही शिल्लक. म्हणून विकत घेण्यापूर्वी विक्रेत्याकडून तो मासा गोठवलेले कोळंबीचे खाद्य खातो की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे. पूर्ण वाढ झालेल्या माशाला आपली टाकी पुरेल का, हे तपासावे. काही आठवडे त्याला वेगळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री करावी. आणि त्याने प्रवाळांना तोंड लावलेच, तर त्याला कोठे ठेवणार, हे आधीच ठरवावे. या प्रश्नांची उत्तरे नसतील तर चुन्याची पिचकारीच बरी.

हा हिशेब टाकीबाहेरही चुकलेला आहे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून मूळचा अमेरिकेतील गॅम्बूशिया मासा १९२८ साली भारतात आणला गेला. तो अळ्या खातो हे खरेच. पण स्थानिक माशांची अंडी, पिल्ले आणि बेडूकमाशाही खातो. आज जगातील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परकीय जातींच्या यादीत त्याचे नाव आहे. टाकीतला मासा जाळीने बाहेर काढता येतो. तळ्यात सोडलेला मासा परत काढता येत नाही.

औषधाची बाटली काम झाल्यावर फडताळात ठेवता येते. जिवंत प्राण्याला मात्र दुसऱ्या दिवशीही भूक लागते. काट्याने काटा जरूर काढावा. पण दुसरा काटा हाती घेण्यापूर्वी तो पुढे कोठे ठेवायचा, याचा विचार आधी व्हावा.