पत्र्याची सावली आणि झाडाची सावली

एका मे महिन्यात भर दुपारी आमच्या परसातल्या दोन कोंबड्या खुराड्यात मेल्या. वर पत्र्याचे छप्पर होते, भांड्यात पाणीही होते. शेजारच्या कोंबड्या मात्र कडुनिंबाखाली माती उकरीत होत्या. सावली दोन्हीकडे होती. मग फरक कशात होता?

कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१° से. असते आणि तिला घर्मग्रंथी नसतात. हवा थंड असेल तर शरीरातील उष्णता वहन, अभिसरण व प्रारण या मार्गांनी बाहेर जाते. हवाच ४० अंशांवर गेली की हे मार्ग जवळजवळ बंद होतात. मग कोंबडी चोच उघडून धापा टाकते. श्वासमार्गातील पाण्याचे बाष्पीभवन हाच उपाय उरतो. त्यात वरून तापलेला पत्रा प्रारणाने आणखी उष्णता टाकीत असतो!

कडुनिंबाचे पानही उन्हातच असते, पण त्यातून बाष्पोच्छ्वास चालतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी लागतात. (पुस्तकातील ५४० हा आकडा १००° से.चा.) त्यामुळे पान पत्र्यासारखे तापत नाही.

मग परसात काय लावावे? कडुनिंब मे महिन्यात पालवलेला असतो. पुढे लिंबोळ्यांवर कोकीळ, बुलबुल येतात. तो वाढेपर्यंत शेवगा व तुती लावा. दोन्ही फांदीपासून लवकर वाढतात. तुतीची झाडावरची फळे बुलबुलांना, गळालेली कोंबड्यांना! पांगाऱ्याच्या फुलांवर मैना, सूर्यपक्षी येतात, पण तेव्हा झाड निष्पर्ण असते. त्याच्या सावलीवर विसंबू नका. रोपांभोवती दगड रचा, नाहीतर कोंबड्या मुळे उकरतील. पालापाचोळा मात्र झाडू नका. त्यातले किडे हेच त्यांचे खाद्य.

एक पथ्य पाळाच. २००६ साली नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. हा रोग रानपक्ष्यांकडूनही येऊ शकतो. म्हणून कोंबड्यांचे दाणापाणी आडोशाला, छपराखाली ठेवा. रानपक्ष्यांचे पाणी बागेच्या दुसऱ्या टोकाला.

आता प्रयोग. दोन तापमापकांच्या फुग्यांना काजळी लावा. दुपारी दोन वाजता एक पत्र्याखाली, दुसरा झाडाखाली, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगा. पंधरा मिनिटांनी दोन्ही वाचा. काजळी कशासाठी, हे मात्र तुम्हीच सांगा!